भिंतीतला भात : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

भाऊबीज. आई मामाला ओवाळायला आली, मी भिंत बघायला. गिलाव्यात कालवलेल्या जुन्या भातात डीएनए उरलाय का, हे शोधायचंय. अक्षय्य तृतीयेला मामा हे घर पाडून स्लॅबच्या घराचा पाया घालणार आहे. तोवर काय खरवडायचं ते खरवड, म्हणाला. मधल्या चौकटीच्या वरच्या फळीवर 'शके १८०९' कोरलेलं आहे. ७८ मिळवले की १८८७.

बळदाची, म्हणजे धान्य साठवायच्या खोलीची, मागची भिंत सगळ्यात कोरडी. दोन्ही अंगांना खोल्या, त्यामुळे पावसाची झड तिला कधी लागलेली नाही. या तालुक्यात एवढी वर्षं कोरडी राहिलेली भिंत म्हणजे चैनच म्हणायची. गिलाव्याचा एक पोपडा सुटून आला होता, तो मोडून बघितला. तांबडी माती, शेण, भाताचं तूस, पिंजराचे बोटभर तुकडे. तुसाच्या मधोमध एक पोचट दाणा, दोन्ही टरफलं मिटलेली, टोकाला मोडकं कुसळ. रंग जुन्या पोथीच्या पानाचा. जळलेला नाही, कुजलेला नाही. हातमोजे न घालता धरला म्हणून स्वतःवरच चिडले. तो दाणा बाद.

आजी ओट्यावरून म्हणाली, "आमच्या येळंला तांबडा भात व्हता. पेज केली की लालभडक. आता सगळं पांढरं." मी विचारलं, किती वर्षांपूर्वीचं? "तुझी आई न्हवती तवाचं."

प्रयोगशाळेतल्या मॅडमना दोघांचाही फोटो पाठवला, आजीचा आणि दाण्याचा. उत्तर आलं : 'दाणा चांगला आहे. पण आधी काळे दाणे.' काळे म्हणजे उत्खननातले, जळके.

९ नोव्हेंबर, खानापूर तालुका

नमुने घेण्याचा दिवस, आणि नेमकी सुगी. खळ्यात मळणीचं मशीन सुरू, अंगणभर भाताची धूळ. भाताचा प्राचीन डीएनए शोधायचा आणि तोही भाताच्या धुरळ्यात उभं राहून, असा अडाणीपणा कुणी ठरवूनही करणार नाही. पण सुट्टी आत्ताच होती.

पद्धत लिहून ठेवते. भिंतीचा वरचा दोन सेंटिमीटर थर ब्लीचने पुसलेल्या पातीने काढून टाकला, कारण दरवर्षी सारवलं जायचं आणि वरचे थर अलीकडचे. मग हातमोजे बदलले. आतल्या मूळ थरातला गठ्ठा फॉइलवर घेतला आणि कागदी पाकिटात बंद केला. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम सुटतो. पाच जागा. प्रत्येक पाकिटावर चिकटपट्टी, तिच्यावर क्रमांक. सहावं पाकीट मुद्दाम मामाच्या खळ्यातल्या आजच्या भाताचं. शत्रूचा चेहरा माहीत असलेला बरा.

पाचव्या जागी घुशीचं बीळ निघालं, त्यात मूठभर भात. रंग बघून कुणीही फसावं. टरफलं तशीच मळकट. 'बीळ' असं लिहून तेही घेतलं.

मागच्या गल्लीतली दोन पोरं आणि एक म्हातारे गृहस्थ तासभर उभे होते. गुप्तधनाची बातमी पसरली असावी. मामा त्यांच्यासमोरच मोठ्यानं म्हणाला, "घावलं काय तर निम्मं माझं."

२१ नोव्हेंबर, बेंगळुरू

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने पहाटे पोचले. खोका मांडीवर घेऊनच बसले होते.

आज काळे दाणे. मलप्रभेच्या खोऱ्यातल्या एका जुन्या उत्खननातले, भांडारातून रीतसर परवानगी काढून आणलेले चौदा दाणे. सूक्ष्मदर्शकाखाली इतके देखणे की बघत राहावं. जळताना आकार तसाच राहिला, बाजूच्या उभ्या रेषा दिसतात, गर्भाची खाच दिसते. आपल्याकडच्या पुरावनस्पतिशास्त्राचा सगळा डोलारा अशाच जळक्या दाण्यांवर उभा आहे. माती पाण्यात ढवळायची, कोळसा तरंगतो, तो बारीक जाळीवर धरायचा. तुंगभद्रेकाठच्या हल्लूरसारख्या नवाश्मयुगीन वस्त्यांमध्ये लोक कुळीथ, मूग आणि दोन बारीक तृणधान्यं खात होते, हे असंच कळलं. पावसाळी मुलुखातल्या उघड्या जागेत न जळलेलं बी मिळालं, तर ते उंदरा-मुंग्यांनी आत नेलेलं आजचं, असंच धरून चालायचं. जळलेलं तेच जुनं.

अडचण इथेच आहे. बी टिकतं ते जळाल्यामुळे, कारण कोळसा कुणी खात नाही. आणि जळताना दोन-अडीचशे अंशांच्या पुढे डीएनएची साखळी तुटून जाते. दाणा राहतो, आतली अक्षरं जातात.

२०१६ साली यावर दोन्ही बाजूंचं छापून आलं. एका गटाने थायलंड आणि भारतातल्या प्राचीन भातातून हरितलवकाच्या डीएनएचे छोटे तुकडे पीसीआरने (ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) वाढवले आणि जॅपोनिका प्रकारचा भात ओळखला. दुसऱ्या गटाने वेगवेगळ्या ठिकाणचे जळके दाणे नव्या यंत्रांवर चालवले आणि सांगितलं की वापरता येईल असं त्यांत जवळपास काही उरलेलं नाही. त्याच वर्षी मृत समुद्राजवळच्या गुहेतल्या ६,००० वर्षांपूर्वीच्या सातूचा जनुकसंच वाचला गेला. तो सातू जळलेला नव्हता, वाळलेला होता. माझं मत दुसऱ्या गटाकडे झुकतं. तरीही चौदातले सहा दाणे खर्ची घालायचे ठरले. बाकीचे परत जातील. एकदा दळलेला दाणा पुन्हा भांडारात ठेवता येत नाही.

५ डिसेंबर

स्वच्छ खोली. आदल्या रात्रीपासून भात वर्ज्य. मॅडमचा नियम असा की भातावर काम करणाऱ्याने डब्यात भात आणायचा नाही, आणि खोलीत शिरण्यापूर्वी अंघोळ करून धुतलेले कपडे घालायचे. बेळगावच्या माणसाला दोन दिवस भाताशिवाय ठेवणं हा जुलूम आहे. चपाती-भाजी खाऊन आले.

दुहेरी हातमोजे, मास्क, टोपी. टेबल ब्लीचने पुसलं, रात्रभर अतिनील दिवा. सहा काळे दाणे आणि भिंतीतले पाच पोचट दाणे, प्रत्येक वेगळा दळला. पोचट दाणेच का, तर नुसत्या तुसात पेशी मेलेल्या आणि वाळूसारखी सिलिका भरलेली असते. अर्धवट भरलेल्या दाण्यात थोडा गर तरी असतो. शिवाय टरफल आणि दाण्याची साल ही दोन्ही आईरोपाची ऊती. तांदळाचा तांबडेपणा सालीत असतो, म्हणजे रंगाचं उत्तर आईकडे. इथे मला आजी आठवली.

बिळातला एक दाणा, खळ्यातला एक आणि दोन ब्लँक. ब्लँक म्हणजे ज्या नळीत काहीच घालायचं नाही, पण बाकी सगळे सोपस्कार तिच्यावरही करायचे. आत काही निघालं तर ते आपलं पाप.

१० डिसेंबर

रसायनांचं पार्सल पुरवठादाराकडे अडकलंय. नोंद करण्यासारखं काही नाही.

८ जानेवारी २०२५

निकाल आले. आधी काळे दाणे. दहा लाख रीडमागे (रीड म्हणजे यंत्राने वाचलेला डीएनएचा एक तुकडा) भाताचे म्हणावेत असे पंधरा-वीस. बाकी मातीतले जिवाणू, थोडा माणूस, थोडी बुरशी. पंधरा-वीस म्हटल्यावर जीव हलला होता, पण ब्लँक उघडला तर त्यातही भात. पहिल्या ब्लँकमध्ये काळ्या दाण्यांच्या दुप्पट.

दुपारी कुणाशी बोलले नाही.

१६ जानेवारी

आठवडाभर चोर शोधत होते. रसायनं वेगळी तपासली, स्वच्छ निघाली. दोन्ही ब्लँकमध्ये फरक काय, हे वहीत बघितलं. पहिला ब्लँक ज्या स्टँडवर होता त्याला मी नावाची पट्टी चिकटवली होती. ती चिकटपट्टी कुठली? माझ्या बॅगेतली. म्हणजे मामाच्या खळ्यात दिवसभर फिरलेली.

तो गुंडाळा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कडेचा चिकट भाग सोनेरी कुसांनी माखलेला. शेवंतीच्या पाकळ्यांवर पराग बसावा तसा. एवढे सगळे हातमोजे, एवढं ब्लीच, अतिनील दिवा, आणि दहा रुपयांच्या चिकटपट्टीवर बसून नवा भात थेट आत. मॅडम रागावल्या नाहीत. गुंडाळा बरणीत घालून त्यांनी दाराजवळच्या फळीवर ठेवला. येता-जाता दिसतो.

पहिली फेरी रद्द. काळ्या दाण्यांचे सहा बळी फुकट गेले, असं मात्र नाही. ब्लँक वजा केल्यावर त्यांच्यात शून्यच उरतं, आणि ते शून्य खरं आहे. राहिलेले आठ दाणे मी मागणार नाही.

२० फेब्रुवारी

भिंतीतले नवे पाच दाणे, नवीन खोका, नवी पट्टी. यंदा ब्लँक कोरे आले. दोन्ही. एवढ्यावरच दिवस चांगला गेला असता.

भिंतीच्या दाण्यांत शंभर रीडमध्ये सरासरी अकरा भाताचे. तुकड्यांची लांबी पन्नास-साठ अक्षरं. मुख्य म्हणजे झिजेची खूण दिसते. वय झालं की डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनचा अमिनो गट गळतो आणि त्याचा युरॅसिल होतो. यंत्र त्याला थायमिन म्हणून वाचतं. तुकड्याची टोकं उघडी असतात, म्हणून हा बदल टोकाशी जास्त आणि आत कमी. आलेख काढला की टोकाशी चढ दिसतो, पुढे उतार. आमच्याकडे पहिल्या अक्षरावर शंभरात चार. हजारो वर्षांच्या नमुन्यात हा चढ डोंगराएवढा असतो, सव्वाशे-दीडशे वर्षांत एवढाच अपेक्षित. खरं तर याला प्राचीन म्हणणं जास्तीचं होतं. संग्रहालयातल्या वाळवलेल्या वनस्पतींसारखा हा ऐतिहासिक डीएनए.

बिळातला दाणा? तुकडे लांबलचक, आलेख सपाट, मैदानासारखा. खळ्यातल्या भाताची बरोबर जोडी. घुशीने मामाचा भात चोरला होता, सिद्ध झालं.

११ मार्च

हिशेब मांडला. भाताचा जनुकसंच अंदाजे ३९ कोटी अक्षरांचा. एका दाण्यातून मिळालेले वेगळे रीड आठ लाख, प्रत्येकी पन्नास अक्षरं, म्हणजे चार कोटी. सबंध पुस्तकाचा दहावा भाग, तोही विस्कटलेल्या चिठ्ठ्यांतून. एखादी ठरावीक ओळ त्यात सापडण्याची शक्यता दहात एक.

हरितलवकाचं बरं असतं. त्याचा संच जेमतेम १ लाख ३४ हजार अक्षरांचा आणि पेशीत प्रती पुष्कळ. तिथे इंडिका या भाताच्या दुसऱ्या मुख्य प्रकारात ६९ अक्षरं गळालेली असतात, जॅपोनिकात शाबूत. जुन्या पद्धतीने पीसीआर केला तर शाबूत प्रकारासाठी शंभरावर अक्षरांचा सलग तुकडा लागतो, आणि आमच्याकडे सलग म्हणजे पन्नास. तुटलेल्या डीएनएत तो प्रकार वाढलाच नाही तर इंडिका हेच उत्तर येत राहील. त्यामुळे ६९ अक्षरं गळून दोन्ही बाजू जिथे जुळतात, त्या जोडावरचे रीडच मी मोजते. गळालेल्या जोडावर सात रीड बसले, शाबूत कडांवर एकही नाही. इंडिका. अपेक्षित होतंच, पण अपेक्षित गोष्ट मोजून मिळाली की झोप बरी लागते.

तांबड्या रंगाचा प्रश्न तुलनेनं सोपा असायला हवा. पांढऱ्या तांदळांपैकी बहुतेकांमध्ये आरसी नावाच्या जनुकातली १४ अक्षरं गळालेली आहेत. जनुक शाबूत असेल तर साल तांबडी. १४ अक्षरं पन्नासाच्या तुकड्यात आरामात मावतात. आता ती ओळ हाती लागावी म्हणून गळ टाकायचा. ठरावीक जनुकांना चिकटणारे आरएनएचे तुकडे द्रावणात सोडायचे, आणि त्यांना जे लागेल तेवढंच यंत्रावर चढवायचं. दुसऱ्या एका प्रकल्पातले उरलेले गळ मॅडमनी मिळवून दिले. त्यात आरसी आहे, आणि सुवासाचं जनुकही आहे.

२ एप्रिल

गळ टाकलेल्या नमुन्यांचे निकाल. आरसीच्या जागेवर पाच दाण्यांतून मिळून नऊ रीड. नऊही पांढरे.

आजीला काय सांगू?

४ एप्रिल

रात्री दीडला उठून बसले. आपण रीड कशाशी जुळवतोय? निप्पोनबारेशी. २००५ साली पूर्ण झालेला भाताचा प्रमाण जनुकसंच, जपानी जात. आणि निप्पोनबारे पांढरा! त्याच्या पुस्तकात ती १४ अक्षरं नाहीतच. मग तांबड्या भाताचा पन्नास अक्षरी तुकडा आला तर संगणकाला त्यात मधोमध १४ अक्षरं जास्तीची दिसणार, आणि हा जुळत नाही म्हणून तो टाकून देणार. पांढरा आला की 'ये बस'. म्हणजे आम्ही पांढरा भात मोजत नव्हतो, तांबडा हाकलत होतो.

सकाळी दोन संदर्भ बनवले. एक निप्पोनबारेचा, दुसऱ्यात ती १४ अक्षरं जागच्या जागी बसवलेली. सगळे न जुळलेले रीड पुन्हा दोन्हींशी लावून बघितले.

नवाचे तेवीस झाले. चौदा नवे रीड, सगळे शाबूत जनुकाचे. दाण्यांनुसार पाहिलं तर पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या दाण्यात फक्त शाबूत. तिसऱ्यात फक्त गळालेले, सात. चौथ्यात फक्त दोन रीड, दोन्ही गळालेले. दोनावर मी काही बोलणार नाही. टोकाची झीज या चौदांतही दिसते का ते बघितलं. दोन रीडच्या टोकाला सायटोसिनच्या जागी थायमिन आहे. चौदात दोन, आलेख होत नाही. पण खळ्यातल्या आजच्या भातात शाबूत जनुकाचा एकही रीड नाही, म्हणजे हे चिकटपट्टीवरून आलेलं नव्हे.

मॅडमना दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, दुसऱ्या संदर्भाशी ब्लँकही लावून बघितलेत ना? बघितले होते. कोरे.

सुवासाच्या जनुकात ८ अक्षरं गळालेली असली की वास येतो. तिथे एकच रीड, शाबूत. एका रीडवर बेळगाव बासमतीचा इतिहास लिहायचा नसतो.

६ एप्रिल

मामाला फोन. सव्वाशे वर्षांपूर्वी घरात तांबडा भात होता, पांढराही होता, एवढं सांगितलं. "म्हंजे मिसळ?" मिसळ नसेलही, म्हटलं. गिलाव्याला तूस चार घरांच्या खळ्यांवरनं गोळा करून आणत असतील. एकाच शेतात दोन्ही होते की वेगवेगळ्या, हे भिंत सांगत नाही. मामा जरा गप्प झाला. मग म्हणाला, वरच्या कोरडवाहूत तांबडा आणि खाली ओढ्याकडंला पांढरा, असं त्याचे आजोबा पेरायचे, धूळवाफ पेरणी करून, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत. हे त्याला आत्ता आठवलं. वहीत वेगळ्या रंगाच्या शाईने लिहिलंय. हा डीएनए नव्हे, मामाची आठवण.

फोन आजीकडे गेला. तिला तांबड्या भाताची बातमी सांगितली. "मग काय मी खोटं सांगूलते व्हय?" आणि मधूला, म्हणजे म्हशीला, पाणी दाखवायला गेली.

२६ एप्रिल, खानापूर तालुका

भिंत चार दिवसांत पडणार. विटांचा ट्रॅक्टर अंगणात उतरलाय, सिमेंटची पोती बळदातच रचली आहेत, माझ्या भिंतीला टेकवून. ती हलवायला मामाचं आणि माझं जोरदार बोलणं झालं. शेवटी दोघांनी मिळून अकरा पोती बाहेर काढली. सिमेंटने डीएनएचं काय होतं याचा विचार आता नको.

पाच दाण्यांवर काही ठरत नाही, निदान चाळीस तरी हवेत. या वेळी जमिनीपासूनची उंचीही लिहितेय, कारण भिंत एका दिवसात उठत नाही आणि खालचा गिलावा वरच्यापेक्षा एका सुगीने जुना असू शकतो. सकाळपासून सव्वीस दाणे झाले. खालचे दोन हात वाळवीने खाल्लेले, तिथे नुसती माती. चौकटीजवळच्या गठ्ठ्यात एक पूर्ण लोंबीचा तुकडा मिळाला, तीन दाणे देठाला धरून. तिन्ही एका आईचे. पाकिटावर ठळक लिहिलं.

पाकिटांना या वेळी पट्टी नाही, पेन्सिलने थेट कागदावर क्रमांक. शेजारचे तेच म्हातारे गृहस्थ आजही आले होते. त्यांच्या माळ्यावर जुनी कणगी आहे, आतून शेणाने लिंपलेली, बापाच्या वेळची. बघायची असेल तर उद्या सकाळी ये, म्हणाले, दुपारनंतर सून झाडायला काढणार आहे.